कुठल्या साली गेलात?

आमच्या धंद्याला धड नाव नाही. दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन टेबलं, एक वजनकाटा आणि चिकटपट्ट्यांचा खोका मावेल एवढी जागा. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांची मुंबईतली कामं आम्ही करतो. दिवाळीला फराळ पाठवायचा, डिसेंबरात आलेल्यांना गिरगाव-लालबाग फिरवायचं, मग चार दिवस अलिबागकडे समुद्रावर न्यायचं आणि शेवटी विमानतळावर सोडायचं. उरलेलं वर्षभर फोनवर बातम्या द्यायच्या. बातम्यांचे पैसे घेत नाही. खरं तर धंदा त्यांच्यावरच चालतो.

नव्या घराचा फोन आला की मी आधी तारखा विचारत नाही, माणसं किती तेही नाही. विचारते, "गेलात कधी?" समोरच्याला वाटतं, बाई गप्पिष्ट दिसते. पण त्या एका सालावर सगळा बेत ठरतो. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. त्याआधी गेलेल्या माणसाने ती बंद होताना पाहिलेली नसते, त्यामुळे त्याच्या लेखी ती अजून खोदादाद सर्कलला वळण घेत असते. 1982 च्या आधी गेलेल्याला परळ म्हटलं की गिरणीचा भोंगा आठवतो. जुलै 2018 च्या आधी गेलेला प्रभादेवी स्टेशनला एल्फिन्स्टन म्हणतो आणि त्याच्यामागून गेलेला भाचा त्याला दुरुस्त करतो. प्रत्येक जण आपापलं साल धरून बसलेला असतो. आईवडील, मुलगा आणि सून यांची सालं वेगळी असली की एकाच गाडीत तीन मुंबया बसतात, आणि जेवायला कुठे थांबायचं यावरून भांडण सुरू होतं.

धंदा मूळ गिरगावातला, फणसवाडीतल्या आमच्या चाळीतला. आत्या दिवाळीत ऑर्डरीचा फराळ करायची. शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा शिकायला अमेरिकेला गेला आणि त्याच्या आईने दोन डबे जास्तीचे मागितले, तिथून हे सुरू झालं. मी तेव्हा फोर्टातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायचे, त्यामुळे "तुझ्या ओळखीचं कोणी जाणारं असेल तर बघ" हे काम आपसूक माझ्याकडे. अनोळखी माणसाच्या बॅगेत दुसऱ्याच्या मुलाचे डबे घालायला लावणं हीच तेव्हाची कुरिअर सेवा. आता तळणीपुढे लालबागच्या दोन मावशी बसतात. आत्याचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. ती खुर्चीवरून चव बघते आणि मीठ कमी असेल तर सगळ्यांसमोर बोलते.

दूर जाणारा फराळ घरच्या फराळापेक्षा वेगळा करावा लागतो, हे लोकांना पटत नाही. ओल्या नारळाची करंजी टिकत नाही, म्हणून सुकं खोबरं. रवा-नारळाच्या लाडवाला रजा, त्याच्या जागी बेसन. चिवड्यातला कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत तळायचा, नाहीतर त्याचं पाणी पोह्यांत उतरतं आणि चिवडा पोचेपर्यंत मऊ पडतो. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायची नाही. आत्या रात्रभर ती पंख्याखाली कागदावर पसरून ठेवायला लावते. शंकरपाळी सोशिक, तिची काळजी नसते. खरी पंचाईत अनारशाची; त्याला खसखस लावतात. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. त्या देशांच्या खोक्यांत ती चुकून जाऊ नये म्हणून आम्ही त्यांचं सामान वेगळ्या टेबलावर भरतो. आत्याला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीळ लावते. पण पावतीवर अनारसा लिहू नकोस."

2025 चा हंगाम लक्षात राहण्यासारखा गेला. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलावर जकात लागत नसे; ती सवलत 29 ऑगस्टपासून गेली. नवी जकात कोणी गोळा करायची आणि कशी भरायची याची घडी बसली नव्हती, विमान कंपन्या टपाल घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला आणि नरकचतुर्दशी होती 20 ला. मधल्या काळात खासगी कुरिअर चालू होतं. त्याचा दर सांगितल्यावर न्यू जर्सीची एक सूनबाई म्हणाली, "ताई, एवढ्या पैशांत मी ओक ट्री रोडवरून महिनाभराचा फराळ आणीन." बरोबरच होतं तिचं. तरी खोका गेला, कारण तिचे सासरे 1979 साली गेलेले. त्यांना खोक्यावर 'गिरगाव, मुंबई 400 004' हा पत्ता वाचायचा होता. तसले सासरे नसलेली घरं त्या वर्षी गळाली, आणि त्यातली सगळीच परत येतील असं मला वाटत नाही. खाण्यासाठी पाठवायचे दिवस संपत आलेत. एडिसनमध्ये, टोरांटोत, लंडनच्या उपनगरांत चकली मिळते आणि काही ठिकाणी आमच्यापेक्षा बरी मिळते.

बातम्यांचं मात्र तसं नाही. पेपर सगळ्यांना फोनवर दिसतो, तरी विचारतात मलाच. पेपरात पूल, मेट्रो, निवडणूक येते. यांना हवं असतं अमुक गल्लीतला अमुक दुकानदार अजून बसतो का. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद होऊन कित्येक वर्षं झाली, तरी दर हिवाळ्यात कोणीतरी तिथल्या माशांची चौकशी करतंच, आणि दर हिवाळ्यात मला ती बातमी नव्याने द्यावी लागते. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 चं. कामगार रंगभूमीची कितीतरी माणसं तिथे घडली. नोव्हेंबर 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा टोरांटोहून एका काकांचा फोन आला. त्यांच्याकडे तेव्हा मध्यरात्र. तरुणपणी त्या रंगमंचावर दिवे लावायचं काम करायचे. नाटकाबद्दल काही बोललेच नाहीत; पडद्यामागचा लोखंडी जिना राहणार का, एवढंच विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. गंमत अशी की आजकाल चांगली नाटकं उन्हाळ्यात अमेरिकेचा दौरा करतात. तिकडचं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं, त्याची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात. त्यामुळे शिवाजी मंदिरात नेलं तर "हे आम्ही बघितलंय" असं तेच मला सांगतात, आणि तरी तिकीट काढायला लावतात, कारण मध्यंतरातला बटाटावडा तिकडे नसतो.

सगळ्यात जास्त मागणी मात्र इमारतींच्या बातम्यांना. ई-मेलमध्ये लिहिलेलं असतं, 'मुलांना भारत दाखवायचा आहे.' गाडीत बसल्यावर कळतं की मंगळवारी बिल्डरची मीटिंग आहे. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या पागडीच्या जुन्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त, म्हणजे सप्टेंबर 1969 च्या आधी बांधलेल्या. पुनर्विकासासाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि त्यातली एखादी खोली क्रमांक अकराच्या धाकट्या भावाची असते, जो कॅलिफोर्नियात आहे आणि ज्याने वीस वर्षांत भाडंही भरलेलं नाही. थोरल्याने भरलंय. मग दूतावासातून कुलमुखत्यारपत्र करून आणा, त्याची इथे नोंद करा, पावतीवर वडिलांचंच नाव आहे म्हणून वारसदारांचा दाखला काढा. ही कामं आमची नव्हेत, पण माहितीचा वकील आम्हीच देतो आणि चहा आमच्याच ऑफिसात होतो. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर. त्या आठवड्यात फोन थांबेना. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींत ज्यांची भावंडं राहतात, ते एकमेकांच्या आधी बातमी काढायला बघत होते. दोन भावांमधलं भांडण आम्हाला दोन्ही टोकांनी ऐकू येतं. अशा वेळी मी अलिबागचं बुकिंग दोघांचं वेगवेगळ्या वाडीत करते.

1974 साली शिकागोला गेलेल्या एका इंजिनिअर काकांना गिरगावात नेलं ते मेट्रोने. भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला आणि गिरगावला स्टेशन आलं. मी मुद्दाम दादरहून त्यांना खालून नेलं. आपण जिथे मोठे झालो त्या रस्त्याच्या पोटातून वर यायचं, हे त्यांना सोसेल की नाही याची धास्ती होती. ते वर आले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चर्च कुठेय?" पोर्तुगीज चर्च दाखवलं तेव्हा कुठे त्यांना दिशा लागली. तिथून पुढे मी त्यांच्या मागे चालत होते. मॅजेस्टिक थिएटरची जागा त्यांनीच नातीला दाखवली; 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' इथे लागला होता, भारतातला पहिला बोलपट, हे तिला सांगितलं. आता तिथे दुकानं आहेत. नातीला बोलपट म्हणजे काय हे समजावताना बराच वेळ गेला. केशवजी नाईक चाळीत मात्र ती रमली. 1893 पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो, आणि मूर्ती अजून लहानच आहे, हे तिला फार आवडलं. टीव्हीवर लालबागचा राजा पाहिलेल्या मुलांना लहान मूर्तीचं अप्रूप वाटतं. शेवटी पणशीकरांकडे पियुष. काकांनी दोन घेतले. आजोबांना साखर आहे, असं नात इंग्रजीत ओरडत होती.

दुबईवाल्यांचं गणित निराळं. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. तो लांबला, गिरण्या काही नीट उघडल्या नाहीत, आणि लालबाग-परळच्या ज्या घरांत बाप खात्यात होता तिथला एखादा मुलगा आखातात गेला; फिटर, वायरमन, स्टोअरकीपर. त्यांची मुलं आता तिथे मॅनेजर आहेत. या घरांना समुद्राचं काही विशेष नाही. जुमेराचा किनारा स्वच्छ आहे, तिथे शॉवर आहे, हे ते मला दरवेळी सांगतात. ते येतात एप्रिल-मेमध्ये, लालबागच्या मसाला गल्लीत. बेडगी आणि संकेश्वरी किती, लवंगी घालायची का, धणे भाजून की तसेच, यावर सासू-सुनेत वाद होतो आणि डंकवाला दोघींकडे न बघता कुटत राहतो. दगडफूल, नागकेशर, त्रिफळं वेगळी बांधून घेतात. सगळ्या गाडीला तिखटाच्या शिंका. खसखस घेऊ नका हे मी डंकावरच ओरडून सांगते. त्यांना समुद्र दाखवायचाच असेल तर गणपतीत. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीजवळच्या एखाद्या ओळखीच्या घराच्या गॅलरीत चार खुर्च्या मांडून देते.

तिथे भरतीचा हिशोब लागतो, आणि तो मला आमच्या कामातला सगळ्यात आवडता भाग. कोळी लोक तो तिथीवरून करतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी नऊला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चतुर्दशीला चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे विसर्जनाच्या दिवशी सकाळी नि रात्री, दोन्ही वेळा साडेदहा-अकराला समुद्र भरलेला असतो, आणि पौर्णिमा जवळ असल्याने उधाणाचा असतो. 2025 साली लालबागच्या राजाला दुसऱ्या दिवशी चौपाटीवर हेच पाणी आडवं आलं आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. आमची मंडळी गॅलरीतून तासन्‌तास पाहत होती. यजमानीणबाईंनी तीनदा पोहे केले. फोनच्या अॅपवर भरतीचे तक्ते मिळतात आणि ते अचूक असतात, पण शिकागोच्या मुलाला पाऊणकीचा पाढा शिकवला की तो चार दिवस त्यातच रंगतो.

अलिबागला तर याच्यावाचून पान हलत नाही. कुलाबा किल्ला समुद्रात आहे, ओहोटीला चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. आता अडचण बघा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा-एकला, सगळ्यांच्या सोयीची. पण अष्टमीला भांग असते, पाणी पुरतं हटत नाही, चालायची मजा जाते आणि घोडागाडी करावी लागते. उधाणाला पाणी खूप आत जातं, पण पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमाराला. उत्तम दिवस द्वितीया-तृतीया: उधाण अजून ओसरलेलं नसतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान. मुंबईकर पर्यटक त्या वेळी अंथरुणात असतो. अमेरिकेहून आलेलं घर मात्र झोपेचं गणित बिघडल्यामुळे पहाटे चारपासून टक्क जागं असतं. म्हणून मी त्यांना पहिल्या दोन दिवसांतच अलिबागला काढते. आधी मुंबई, मग समुद्र, हा नेहमीचा क्रम आम्ही याच कारणासाठी बऱ्याचदा उलटा करतो, आणि किल्ला त्यांच्या एकट्याचा असतो.

जाण्याचा मार्गही सालावर ठरतो. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढा, तासाभरात पलीकडे. अलीकडे गेलेल्यांना ती आवडते. जुन्यांना गेटवेची लाँच हवी असते, वरच्या डेकवरचा वारा, तिकिटातच मांडव्याहून अलिबागची बस. पावसाळ्यात गेटवेची ही वाहतूक बंद असते. जून-जुलैत आलेलं तरुण घर त्यावर कुरकुरतं, आणि घरातली आजी असेल तर ती त्यांना गप्प करते. 17 जुलै 1947 ला, दीप अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरगाव-परळच्या कितीतरी बिऱ्हाडांत त्या दिवशी सुतक आलं. 1960 साली लंडनला गेलेल्या एका आजींना मी जुलैत रो-रोने नेऊ का म्हणून विचारलं होतं. ती मोठी आहे, पावसातही हवा बघून चालते, सगळं सांगितलं. "आम्ही पेणवरून जाऊ," म्हणाल्या. पेणवरून नेलं.

मुक्कामासाठी पोहण्याचा तलाव असलेले बंगले मागणारे वाढलेत, पण मी शक्यतो नागाव-आक्षीला नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरी ठेवते. तिथे पहिली कटकट कागदांची. पाहुण्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, आडनाव गोखले असो की घाग, घरमालकाला चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. वाडीतल्या काकांना हे पोलिसांचं लचांड वाटतं. तो फॉर्म आम्ही ऑफिसातून भरून देतो, म्हणून ते आमच्या लोकांना घेतात. दुसरी कटकट मुलांची. गोवा का नाही, म्हणून तोंड फुगवून आलेली असतात. पहिल्या संध्याकाळी पोपटी लावली की ती तक्रार मिटते. हिवाळ्यात वालाच्या कोवळ्या शेंगा येतात. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाणी-तेल काही नाही. शेंगेला ओवा-मीठ. बार्बेक्यू म्हणून मुलं जवळ येतात, मडकं फुटेपर्यंत हलत नाहीत. मोठी माणसं अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विकत घेतात आणि मग विचारतात, ही नेता येईल का. नाही. तरी घेतात, दादरच्या बहिणीला देतात.

ज्याला माझा पहिला प्रश्न लागूच पडत नाही असं घर एकदाच नीट भेटलं. इस्रायलहून आलेलं बेने इस्रायल कुटुंब. आजी 1950 च्या दशकात लहान असताना गेलेली, तिची मुलं-नातवंडं तिकडेच जन्मलेली. साल विचारलं तर आजी म्हणाली, "आम्ही आलो कधी ते विचार." त्यांच्यात सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तिथून सगळे. कोकणातल्या गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं सगळी आपली: रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. मुंबईत त्यांना सॅम्युएल स्ट्रीटवरचं 1796 चं सिनेगॉग दाखवलं. मस्जिद स्टेशनाला ते नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. नातवंडांनी ते सगळं फोनमध्ये टिपलं. पण आजीचं लक्ष पुढच्या प्रवासावर होतं.

नवगावला जुन्या दफनभूमीत त्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. मग अलिबागची इस्रायल आळी, तिथलं सिनेगॉग, आणि सागावजवळचा एलियाहू हनबीचा टापा. खडकावर रथाची नि घोड्याच्या टापेची खूण आहे अशी श्रद्धा. मलिद्यासाठी पोहे, नारळ, गूळ आणि पाच फळं अलिबागच्या बाजारातून घ्यायची होती. आजीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फळवालीशी स्वतः घासाघीस सुरू केली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची कुलाबा जिल्ह्याची बोली, हेल सगळा तसाच. फळवालीने भाव उतरवला नाही, पण विचारलं, "आज्ये, कंच्या गावची?" आजीने गावाचं नाव सांगितलं. फळवालीचं माहेर त्याच्या पलीकडच्या वाडीतलं निघालं. मग दोघी कोणाच्या विहिरीला गोडं पाणी होतं यावर बोलत बसल्या, आणि हिब्रू बोलणारी सगळी पलटण उन्हात उभी. मला त्या दिवशी मार्गदर्शक म्हणून काहीच काम उरलं नाही. बिल मात्र पूर्ण लावलं.

आता नवी काळजी उलव्याची. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. परदेशी विमानं तिथे नेमाने यायला लागली की अलिबागला जायला मुंबईत शिरायचंही कारण राहणार नाही. पनवेल, पेण, वडखळ, की समुद्र. अलीकडे गेलेल्या घरांनी विचारायला सुरुवातही केली आहे. सान होजेच्या एका जोडप्याने सरळ लिहिलं की 2019 ला निघालो तेव्हाचा परळचा ट्रॅफिक पुरेसा लक्षात आहे, आम्हाला थेट किनाऱ्यावर न्या. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांना तसाच दर काढून पाठवला, विमानतळ ते आक्षी, चार रात्री, पोपटीसकट. फक्त परतीच्या दिवशी अर्धा दिवस दादर घातलं आणि कारण लिहिलं: सामान. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, सासूबाईंची जरीची साडी फॉल-बीडिंगला टाकलेली, शिवाजी मंदिरासमोरून पुस्तकं. हे आक्षीला मिळत नाही. उत्तर आलं की अर्धा दिवस नको, दोन तास चालतील. दोन तासांत रानडे रोडवर गाडी लावायला जागाही मिळत नाही, हे त्यांना उतरल्यावर सांगणार आहे.